तिसऱ्या कप्प्यापर्यंत

"लागलं का, नाना?" बंडूनं वस्तरा थांबवून विचारलं आणि नाना म्हणाले, "छे, काही नाही." म्हणता म्हणता त्यांनी आरशात पाहिलं. हनुवटीखाली जिथं कातडी सैल पडून दुमडते तिथं रक्ताचा बारीक थेंब आला होता आणि साबणाच्या फेसात गुलाबी होत पसरत होता. रक्ताचं काही नव्हतं. दाढी करताना रक्त येतं. दचकले ते चेहऱ्याला. तोंडातून 'काही नाही' बाहेर पडत असतानाच आरशातल्या म्हाताऱ्यानं एक डोळा बारीक केला होता, ओठाचं एक टोक खाली ओढलं होतं आणि कपाळावर आठ्यांचा गठ्ठा गोळा केला होता. त्या दोघांचं एकमेकांशी काही ठरलेलं नव्हतं. एक बोलत होता, दुसरा भलतंच दाखवत होता. आणि हा दुसरा नानांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, पंधरवड्यापूर्वी, मुलीच्या, सुलूच्या, लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकोनात.

"काही न्हाई कसं? रगत आलंय की," बंडू म्हणाला. त्यानं दोन बोटांनी नानांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "हलू नका. तुमी शिकल्याली मानसं लई ग्वाड बोलता बगा. मान कापली तरी म्हनाल, ऱ्हाऊ द्या बंडोपंत, चालायचंच." मागच्या बाकावर विंझरचे कोंडिबा पेपर उलटा धरून बसले होते. ते म्हणाले, "त्यापरीस आमची म्हस बरी. दुकलं तर लाथ तरी मारती." दोघं हसले. नानाही हसले, हसणंही त्यांना असंच येई, विचारल्याशिवाय. बंडूनं तुरटी फिरवली. ती झोंबली. "सुलूताईंचं काय झालं मग? परदेशाचं?" "आज कळेल म्हणते." "पास हुतील की. हुशार हायेत." कोंडिबांनी पेपर खाली ठेवला. "पास व्हवू नका म्हनावं. आमची गुडगी कुनी बगायची? ह्या पायानं म्या दोन वर्सं चढ चढलो न्हवतो, म्हाईत हाय का? आन तुमचं कसं वो, नाना, त्या गेल्यावर? एकटंच?" "बघू," नाना म्हणाले. उजवा हात त्यांनी पंच्याखालून हलवून पाहिला. तो कोपरापासून वर येईना. सकाळी तो असाच असे. सुलूनं हलवल्याशिवाय तो त्यांचा नसे.

बाहेर आल्यावर ते सरळ घरी गेले नाहीत. एसटी स्टँडच्या कडेनं चालत राहिले, कारण चालत असेपर्यंत निकाल लागलेला नव्हता. त्या देशाचं नाव ते कधी घेत नसत. 'तिकडे' म्हणत. वरद तिकडे गेला त्याला दोन पावसाळे झाले होते. जावई चांगला होता, फोनवर 'नाना, तुम्ही औषधं घेता ना' असं विचारायचा. बायको म्हणून सुलूला केव्हाही जाता आलं असतं. पण तिला बायको म्हणून जायचं नव्हतं. तिला फिजिओथेरपिस्ट म्हणून जायचं होतं. तिकडच्या मंडळाच्या पटावर नाव असल्याशिवाय तिथं कुणाच्या गुडघ्याला हात लावायची सोय नव्हती. "नाव नसेल तर काय, नाना, म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची कामं मिळतात," ती एकदा म्हणाली होती, आणि लगेच जीभ चावली होती, कारण नानांच्या पाठीला साबण तीच लावत असे. मग ते सगळं सुरू झालं. भोरात जी मुलगी बारा वर्षं लोकांचे सांधे सोडवत होती तिला आपण हे शिकलो आहोत हे शाबीत करायचं होतं. कॉलेजकडून प्रत्येक विषयाचे तास लिहून आणायचे, वर्तनाचा दाखला आणायचा, इंग्रजीची परीक्षा द्यायची, मग लेखी, आणि लेखी निघाल्यावर प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात ती एकदा नापास झाली होती. परदेशी उमेदवारांची ही प्रात्यक्षिकं आता कॅमेऱ्यावर घेत. उमेदवारानं आपला रुग्ण समोर बसवायचा आणि परीक्षक तिकडून बघणार. पहिल्या वेळी पुण्याची एक मैत्रीण रुग्ण झाली होती. तिला काहीच होत नव्हतं, आणि खोटं दुखणं परीक्षक बाईनं ओळखलं. या खेपेला खरं दुखणं हवं होतं. दुसरी खेप गेली की दार बंद, पुन्हा पहिल्या अर्जापासून सगळं. आणि तेवढं बळ आता आपल्यात नाही, हे सुलूनं सांगितलं नव्हतं, पण नानांना ते भांडी घासण्याच्या आवाजावरून कळत असे.

खरं तर रुग्ण म्हणून फुलाबाई बसायची होती. पासलीची फुलाबाई. सुलू दर गुरुवारी वेल्ह्याला एका खोलीत बसे, आणि तिथून जमेल तेव्हा वर पासलीला जाई. एकदा ती नानांनाही गाडीतून घेऊन गेली होती, घरात बसून बसून बुरशी येईल म्हणाली. खाचरांत पाणी भरलं होतं आणि लावणी चालू होती. ओणव्या पाठींची रांग चिखलातून मागं मागं सरकत होती. फुलाबाई बांधावरच्या झाडाखाली पाय पसरून बसली होती आणि रांगेतल्या सुनांना नावं ठेवत होती. तिला त्या रांगेत परत जायचं होतं, एवढंच तिचं मागणं होतं. सुलूनं तिचा पाय हातात घेतला, गुडघा वाकवायला सुरुवात केली, आणि फुलाबाई किंचाळली. "अगं ए सटवे! पाय हाय का सरपनाचं लाकूड? सोड! सोड म्हंते न्हवं! तुज्या आयला सांगते बग!" "आई वर गेलीय, आज्जी. तिकडं जाऊन सांगावं लागेल." "मंग ह्यो कोन बसलाय? बाप न्हवं? आवो, हिला काय सांगता का न्हाई? का नुसतंच बगत बसनार?" नाना ओशाळून उठून उभे राहिले होते. सुलू मात्र हसत होती. तिचा चेहरा चिखलाच्या उजेडात असा काही उघडा पडला होता की नानांना वाटलं, ही मुलगी आपण ओळखत नाही. परतताना ती म्हणाली, "हे पेशंट बरे, नाना. ओरडले की थांबायचं. आपल्याला काही शोधावं लागत नाही." गाडी उतारावर होती. तिला आणखी काही बोलायचं असावं. नानांनी काच खाली केली आणि पावसाचा वास घेतला.

फुलाबाईला इंग्रजी येत नव्हतं. मंडळाचं म्हणणं असं की परीक्षकाला रुग्णाशी बोलता आलं पाहिजे आणि दुभाष्या चालणार नाही. मग सुलूनं घरात नजर फिरवली आणि ती नानांवर थांबली. त्यांचा खांदा वर्षभर आखडलेला होता आणि इंग्रजी तर आयुष्यभर होतं. वाचनालयात चाळीस वर्षं त्यांनी इंग्रजी कपाटांची किल्ली सांभाळली होती आणि त्या कपाटांतलं जवळजवळ सगळं वाचलं होतं. पण कुणाशी इंग्रजी बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. मराठी बोलण्याचेही फारसे आले नव्हते. "मला जमेल असं वाटत नाही, सुलू," ते म्हणाले होते. "काही करायचं नाहीये, नाना. बसायचं. मी हात हलवीन, ती विचारील त्याचं उत्तर द्यायचं. जे होतंय ते सांगायचं, बस्स." जे होतंय ते सांगायचं. हे ती इतकं सहज म्हणाली! आठवडाभर ते मनात वाक्यं जुळवत होते. खांद्याच्या दुखण्यावर, झोपेवर, शर्ट घालताना होणाऱ्या त्रासावर. सुंदर वाक्यं होती. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांची.

स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. माणसं धावत होती. नाना एका खांबाशी उभे राहिले आणि त्यांना आपली आई आठवली नाही, वडील आठवले. काखेत झालेलं गळू कापायला डॉक्टर घरी आला होता, नाना सहासात वर्षांचे असतील, आणि वडिलांनी त्यांचं डोकं आपल्या मांडीवर धरून हळूच सांगितलं होतं, परक्या माणसासमोर ओरडू नये. दटावून नाही, समजावून. त्या हळू आवाजाचा इतका धाक होता की पुढं कुणाला दटावावंच लागलं नाही. सुलूची आई या घरात आली तेव्हा ती मोठ्यानं बोलणारी होती, असं तिच्या माहेरचे सांगत. नानांनी ती तशी कधी ऐकली नाही. शेवटच्या वर्षात पोट धरून ओट्याशी उभी असायची आणि नानांनी विचारलं की म्हणायची, "काही नाही हो, जरा भरून आलंय." नाना पुन्हा विचारत नसत; एकदा विचारणं ही काळजी आणि दोनदा विचारणं हा आगाऊपणा, असं काहीसं त्या घरात होतं. तेव्हा सुलू दहावीत होती. अभ्यासाच्या टेबलाशी बसून ती स्वयंपाकघरातल्या त्या दोन वाक्यांची ये-जा ऐकत असे. पुढं तिनं असा धंदा निवडला ज्यात दिवसभर माणसांना विचारावं लागतं, कुठं दुखतंय, किती दुखतंय, कसं दुखतंय. नानांनी त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी कधी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आज खांबाला टेकून त्या आपोआप शेजारी येऊन बसल्या, आणि त्यांना तिथून निघावंसं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी सुलूनं पुढच्या खोलीत, जिथं तिचं क्लिनिक होतं, लॅपटॉप खुर्चीवर ठेवला होता आणि नानांना पुस्तकांच्या कपाटालगत स्टुलावर बसवलं होतं. हे कपाट त्यांच्या हाताचं माप होतं. वर्षापूर्वी हात पहिल्या कप्प्याच्या वर जात नव्हता. सुलूनं रोज सकाळी हलवून हलवून तो तिसऱ्यापर्यंत आणला होता. कपाटाला पाच कप्पे होते, आणि वरच्या दोन कप्प्यांत नानांची खरी पुस्तकं होती. पडद्यावर ती बाई आली. मध्यम वयाची, कानात लहान मोती, मागं खिडकी आणि खिडकीत दुपार. इथं अजून नऊ वाजलेले नव्हते. ती नानांशी फार आदरानं बोलली. तिनं त्यांचं आडनाव विचारून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं, चुकल्याबद्दल माफी मागितली. नानांना ती एकदम आवडली. आयुष्यभर ज्या पुस्तकांतल्या माणसांत ते राहिले होते त्यांतलंच कुणीतरी खिडकी उघडून आत डोकावलं होतं. आणि पडद्याच्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात, एक म्हातारा बनियनवर बसला होता. त्याच्या खांद्याची हाडं कोंबडीसारखी दिसत होती.

सुलू काम करू लागली. तिचा आवाज बदलला होता, इंग्रजीत तो थोडा उंच व्हायचा. एक हात खांद्याच्या पात्यावर, दुसरा कोपराखाली. हात वर निघाला. पहिला कप्पा, दुसरा कप्पा. तिसऱ्याशी नेहमीसारखी ती कुलूप लागल्यासारखी जागा आली. रोज तिथं ती थांबे, विचारी, "दुखतंय?" आणि ते म्हणत, "नाही गं, ने अजून." आणि ती आणखी बोटभर नेई. त्या बोटभरात काय असे ते नानांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तोच तर सकाळच्या त्या कामातला त्यांचा वाटा होता; तिचे हात गरम असत, ती झोपेतून नुकती उठलेली असे, आणि आपण तिला पुढं जाऊ देतो आहोत ही एक देण्याची गोष्ट त्यांच्याकडे उरली होती. त्या दिवशीही ती तिसऱ्याशी थांबली. इंग्रजीत विचारलं. पडद्यावरची बाई किंचित पुढं झुकली. आणि नानांच्या सगळ्या जुळवलेल्या वाक्यांतून एकच निघालं, ज्याची ते वाचताना नेहमी मजा घेत आले होते, जे खुर्ची देऊ केल्यावर, पाऊस लागल्यावर, गोळी लागल्यावरही ती माणसं म्हणत: "नॉट ॲट ऑल." सुलूनं हात पुढं नेला. बोटभर, कदाचित दोन बोटं, कारण आज तिला तो पुढं जायला हवाच होता. खांद्यात काहीतरी फाटत गेलं आणि चौकोनातल्या म्हाताऱ्यानं एक डोळा बारीक केला, ओठ ओढला, कपाळ गोळा केलं.

इथपर्यंत नानांना सगळं स्वच्छ आठवे. याच्या पुढं ते रोज जात आणि रोज वेगळ्या ठिकाणी पोचत. सुलू त्यांच्या मागं होती. तिची नजर हातावर होती, तिला चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तो त्या बाईला, आणि नानांना. त्या चौकोनात आपला चेहरा पाहिल्यावर त्यांना कळलं होतं की हा तिकडेही दिसतो आहे. मान वळवता आली असती. डावीकडे कपाट होतं. पुस्तकांच्या पाठी बघितल्या असत्या तर बाईला फक्त कान दिसला असता. त्यांनी मान वळवली नाही. समोरचा माणूस आपल्याकडे बघत असताना तोंड फिरवू नये हेही वडिलांनीच शिकवलं होतं. म्हणजे ती भीडच. पण मग ते त्या चौकोनाकडे इतके टक लावून का बघत होते? तो चेहरा लांबत चालला होता, आणि त्यांनी त्याला लांबू दिला. त्या क्षणी मनात काही शब्द होता का? जाऊ नको, असं काही? तसा शब्द नव्हता, हे ते शपथेवर सांगू शकले असते. पण शब्दांवर आता त्यांचा विश्वास कुठं होता? तोंड 'नॉट ॲट ऑल' म्हणत होतं तेव्हा चेहरा काय मागत होता, आणि कुणाकडे? त्या बाईनं चौकोनातल्या माणसाचं ऐकलं असेल तर त्यानं तिला नक्की काय सांगितलं असेल? बाईनं काही लिहिलं. मग मान वर करून गोड हसली आणि म्हणाली की आपण फार सहनशील आहात. नाना लाजले. सुलूला वाटलं, छान झालं. लॅपटॉप बंद केल्यावर तिनं त्यांना मागूनच मिठी मारली, पंधरावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तिचं डोकं नेमकं त्या खांद्यावर टेकलं. "दुखलं नाही ना, नाना?" "काही नाही गं."

घरी पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. सुलू आतल्या खोलीत वरदशी बोलत होती. नाना चप्पल काढून दारातच उभे राहिले. एक चप्पल काढली आणि दुसरी काढायचं राहिलं. "नाही, वरद. तसं नाही लिहिलेलं," ती म्हणत होती. आवाज अगदी सपाट होता, दूधवाल्याला उद्या नको सांगावं तसा. "लेखी चांगलं आहे, हात चांगला आहे म्हणतात. पण असुरक्षित. हो, हाच शब्द. पेशंटचा चेहरा स्पष्ट सांगत होता आणि उमेदवारानं फक्त तोंडच्या उत्तरावर विश्वास ठेवला." मग पुष्कळ वेळ तिकडून वरद बोलत असावा. "अरे, मागं होते मी. कसा दिसणार?... नाही. त्यांना काही बोलायचं नाही, कळलं? एक शब्द नाही." पुन्हा तिकडचं बोलणं. "येऊन काय करू? पोळ्या लाटू? तू ये म्हणतोस ते कळतंय मला. नाही येत. आत्ता नाही. आत्ता म्हणजे काय ते मला विचारू नकोस." नानांनी दुसरी चप्पल काढली. ती फरशीवर वाजली. आतलं बोलणं थांबलं.

सुलू बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. "आलात? दाढी बरी केलीय. हे काय, कापलं?" "थोडं." "झालं नाही माझं, नाना." ती टेबलावरची पाण्याची बाटली उगीच सरळ करत म्हणाली. "लेखीत राहिलं काहीतरी. जाऊ दे." तिच्या आईचं वाक्य होतं, फक्त शब्द वेगळे होते. नानांना वाटलं, आता सांगावं. मला दिसत होतं, सुलू, मला माझं तोंड दिसत होतं. पण सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं? आपल्याला तू जायला नको होतीस, हे? की हवी होतीस, हे? दोन्ही वाक्यं त्यांनी जिभेवर ठेवून पाहिली आणि दोन्ही कुठल्यातरी पुस्तकातली वाटली. आणि त्या क्षणी, इतका वेळ ज्याला ते चुकवत फिरत होते ते आत हललंच: उद्या सकाळी ती इथंच असणार. परवाही. ते गरम पाण्यासारखं आत पसरलं, आणि ते पसरलं म्हणून त्यांना स्वतःची शिसारी आली. "लेखीत?" ते म्हणाले. "पुन्हा देता येईल." "हो. बघू." दोघांनाही माहीत होतं की देता येणार नाही.

"बसा," ती म्हणाली. "सकाळी तुमचा हात राहिला." आज नको म्हणावं असं त्यांना वाटलं, पण ते स्टुलावर बसले, सवयीनं कपाटालगत. सुलू मागं गेली. मग थांबली. फिरून पुढं आली आणि त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, लहान खुर्ची ओढून बसली. असं ती कधी बसत नसे. समोरून हात धरला. तिचे हात गार होते. पहिला कप्पा आला, दुसरा आला. ती हाताकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, लक्ष देऊन, आदरानं, जसं कानात मोती घातलेल्या त्या बाईनं बघितलं होतं. नानांनी चेहरा ताठ केला. कपाळ सोडलं, ओठ सरळ ठेवले, डोळे उघडे ठेवले. हे सगळं करताना त्यांना कळत होतं की आता हे रोज करावं लागणार. तिसरा कप्पा जवळ आला आणि त्याच्या बरंच अलीकडे, जिथं अजून काहीच दुखत नव्हतं तिथं, सुलू थांबली. "ने की," नाना म्हणाले. "नको." "दुखत नाहीये, सुलू. खरंच नाही दुखत." हे खरं होतं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते जे होतं ते सांगत होते. "बरं," ती म्हणाली, पण हात पुढं गेला नाही. तो तिच्या तळव्यावर तसाच राहिला, तिसऱ्या कप्प्याच्या खाली, आणि नानांना कळलं की तो आता यापुढं कधी जाणार नाही. त्यांनी मान डावीकडे वळवली, पुस्तकांच्या पाठींकडे. तेव्हा वळवायला हवी होती ती मान आता इतकी सहज वळली. सुलूनं मोकळ्या हाताची दोन बोटं त्यांच्या हनुवटीखाली, तुरटी लावलेल्या जागेवर, ठेवली आणि त्यांचा चेहरा हळूच पुन्हा आपल्याकडे फिरवला.

"इकडं बघा," ती म्हणाली.

दुखतंय का, हे तिनं विचारलं नाही.